प्रेम मोडल्यावर घराने काय करावे?

आमच्या ओळखीच्या एका बाईंना आपल्या मुलीचे दुःख प्रथम डब्यावरून कळले. मुलगी पंचविशीची, डी.एम.एल.टी. करून एका खासगी लॅबमध्ये कामाला. दोन वर्षे ती सकाळी आईला सांगत असे, "आई, चार चपात्या दे गं, भूक लागते." एवढ्याशा पोरीला चार चपात्या कशाला लागतात हे आईने कधी विचारले नाही. आईला सारे समजते. पण समजले असे दरवेळी दाखवायचे नसते. मग एका जानेवारीत डब्यातून दोन चपात्या परत आल्या. दुसऱ्या दिवशीही दोन. पुढे पुढे चारही परत येऊ लागल्या.

(त्या मुलीला विचारूनच मी हे लिहीत आहे. तिची ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही. वाचकांनीही शोधू नये.)

दहा बाय पंधराची खोली, घरात पाच माणसे. अशा घरात रडायलाही जागा नसते. पहाटे पाणी आले की ही मुलगी मोरीचा पडदा ओढून नळ पूर्ण सोडायची आणि त्या आवाजात रडून घ्यायची. पिंप भरून वाहू लागले तरी नळ बंद होईना, तेव्हा आई एकदा ओरडली. नंतर ती माऊली मला म्हणाली, "ताई, मी पाण्यासाठी ओरडले. पोर कशासाठी सोडते पाणी हे मला कळलंच नाही."

आधी डॉक्टर झाले. रक्त तपासले, कावीळ नाही, टायफॉइड नाही. शेजारणीने दृष्ट काढायला सांगितले. त्या गोष्टी आमच्या घरात छप्पन सालापासून बंद आहेत, असे सांगून आईने तिला वाटेला लावले. शेवटी एका रात्री दिवा मालवल्यावर, मुलीकडे पाठ करून झोपलेली असताना, आईने हळूच विचारले, "बाय, कोणी होता का गं?" मुलगी दहा मिनिटे काही बोलली नाही. मग "होता" म्हणाली.

दिवा मालवून आणि पाठ करून विचारले, यात फार मोठे शहाणपण आहे. समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून "सांग, काय झालं?" असे विचारले की मुले खोटे बोलतात. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, स्कूटरवर मागे बसवून नेताना खरे बाहेर पडते.

दुखवटा नसलेले दुःख

वस्तीत कोणी वारले तर आपल्याला काय करायचे ते माहीत असते. शेजारी चूल पेटवतात, कोणी चहाची किटली आणते, तरुण मुले धावपळ करतात. पुण्यानुमोदनाला माणसे जमतात, चार शब्द बोलतात. घरातला माणूस रडला तर कोणी नाव ठेवत नाही. पण ज्या माणसाशी रोज बोलणे होते, ज्याच्याबरोबर पुढच्या घराची, मुलांच्या नावांची स्वप्ने पाहिली, तो माणूस जिवंत असून आयुष्यातून निघून जातो, त्या दुःखाला आपल्याकडे दुखवटा नाही. सुट्टी नाही, भेटायला येणारे नाहीत. उलट ते लपवावे लागते, कारण ते प्रेमच मुळी लपवलेले होते. साखरपुडा झालेला मोडला तर निदान चारचौघांत बोलता येते, पण तिथेही पहिला प्रश्न "मुलीत काय खोट निघाली?" हाच असतो.

भगवान बुद्धांनी सारनाथला पहिला उपदेश केला, त्यात दुःख कशाकशाला म्हणावे हे सांगताना जन्म, जरा, मरण यांच्याबरोबर प्रिय माणसाचा वियोग हेही एक दुःख म्हणून स्पष्ट सांगितले आहे. तो वियोग लग्नाच्या जोडीदाराचाच असला पाहिजे अशी अट तिथे नाही. मग "एवढं काय त्यात, दुसरा मिळेल" असे म्हणणारे आपण कोण?

आणि हे दुःख म्हणजे मनाचे चोचले नाहीत. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे प्रेमसंबंध त्यांची इच्छा नसताना नुकतेच तुटले होते अशा ४० जणांच्या मेंदूचे स्कॅन त्यांनी काढले. एकदा सोडून गेलेल्या माणसाचा फोटो दाखवून, आणि एकदा हाताला सोसेल एवढा चटका देऊन. मेंदूतले काही भाग दोन्ही वेळी सारखेच जागे झाले. म्हणजे "काळजाला चटका बसला" असे आपल्या आज्या म्हणत, ते शरीराला अगदीच परके नव्हते. भूक मरते, झोप उडते, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, कामात चुका होतात. अशा वेळी मुलीला "नाटकं करते" म्हणणे म्हणजे ताप आलेल्याला ढोंगी म्हणण्यासारखे आहे.

मी केलेली चूक

उपदेश करण्याआधी माझे सांगते. १९९४ सालची गोष्ट. माझा धाकटा भाऊ आय.टी.आय. करून एका कारखान्यात फिटर होता. त्याचे एका मुलीवर मन होते. तिच्या घरच्यांनी तिचे लग्न गावी नेऊन लावून दिले. भाऊ चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. घरात सर्वांत शिकलेली मी. मला वाटले, मुळावरच घाव घातला पाहिजे. तो पाणी आणायला गेला असताना मी त्याच्या पत्र्याच्या पेटीतून तिची पत्रे काढली आणि स्टोव्हवर धरून जाळली. वर त्याला म्हणाले, "पुरुषासारखा वाग."

तो काही बोलला नाही. त्यानंतर दोन वर्षे तो माझ्याशी बोललाच नाही. त्या दोन वर्षांत त्याने दारू जवळ केली आणि नोकरी घालवली. पुढे सावरला, आज त्याची मुले कॉलेजात आहेत. पण त्याची बायको एकदा मला सहज म्हणाली, "ते म्हणतात, तिचं लग्न झालं ते सोसलं असतं, पण ताईने पत्रं जाळायला नको होती." तीस वर्षे झाली. मला ती पत्रे अजून दिसतात.

म्हणून माझे सांगणे की, दुसऱ्याच्या आठवणी आपण जाळू नयेत. आज पत्रे नसतात, फोन असतो. पण मोठे भाऊ, वडील, मामा फोन हिसकावून घेतात, सारे पुसून टाकतात, सिम मोडतात. त्यांना वाटते दुःख पुसले. पुसला जातो तो घरावरचा विश्वास. जपून ठेवायचे की टाकायचे ते ज्याचे त्याला ठरवू द्यावे. आपण फार तर एक पिशवी द्यावी आणि म्हणावे, "यात भरून माळ्यावर ठेव. सहा महिन्यांनी बघू."

आधी वस्त्र

पटाचारेची कथा आपल्या माता-भगिनींनी विहारात ऐकलेली असते. पण ती निम्मीच सांगितली जाते. श्रावस्तीच्या श्रीमंत घरची ही मुलगी घरातल्या नोकराच्या प्रेमात पडली आणि त्याच्याबरोबर पळून गेली. हा भाग सांगताना प्रवचनकार जरा घाईत असतात. पुढे वादळाच्या एका रात्री तिचा नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले गेली, आणि माहेर गाठावे तर आईबाप व भाऊ घर कोसळून गेलेले. तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला कळेना. लोक तिला वेडी म्हणून हाकलीत, तिच्यावर माती फेकीत.

ती जेतवनात आली तेव्हाही लोक तिला अडवीत होते. तथागतांनी तिला येऊ द्या म्हटले. "भगिनी, भानावर ये" एवढेच ते प्रथम बोलले. ती भानावर आली, आपण उघड्या आहोत हे कळून खाली बसली, आणि गर्दीतल्या एका माणसाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. उपदेश त्यानंतर झाला. आणि इतक्या सगळ्या लोकांपुढे "तू पळून गेलीस म्हणून हे झाले" असे तिला कोणी सुनावल्याची नोंद त्या कथेत नाही. हीच पटाचारा पुढे भिक्षुणींमध्ये विनयाची सर्वांत मोठी जाणकार झाली.

आपल्या घरांत मात्र उपदेश आधी होतो, वस्त्र कधी कधी येतच नाही. वस्त्र म्हणजे काय? म्हणजे मुलीने "होता" म्हटल्यावर आई उठली, दिवा न लावता अंधारातच तिच्या अंगावर गोधडी नीट केली आणि तिच्याशेजारी येऊन झोपली. कोण, कुठला, किती पुढे गेलात, हे त्या रात्री तिने विचारले नाही. सकाळी बापाला एवढेच सांगितले, "पोरीचं मन ठीक नाही, आठ दिवस तिला काही बोलू नका." बाप पालिकेतून निवृत्त झालेले, तोंडाने फटकळ. पण ते बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त तिला आवडतात म्हणून बोंबील घेऊन आले.

जातीने मोडलेले प्रेम

हा भाग आपल्या घरांना अधिक लागू आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तो मुलगा तिच्याच लॅबमधला, दुसऱ्या जातीचा. "मी जातपात मानत नाही" हे त्याचे पहिल्या महिन्यातले वाक्य. दोन वर्षे तिच्या डब्यातल्या दोन चपात्या तो खात होता. घरी विषय निघाला तेव्हा त्याची आई अंथरुणाला खिळली, मामा गावाहून आले, आणि मुलगा एक दिवस म्हणाला, "तू चांगलीच आहेस गं, पण घरचे तुमच्यात द्यायला-घ्यायला तयार नाहीत." दोन वर्षांत पहिल्यांदा "तुमच्यात" हा शब्द आला. मे महिन्यात त्याचे लग्न झाले. हॉलवरचे फोटो सगळ्या स्टाफच्या फोनवर फिरले.

इथे दुःखे दोन असतात, आणि ती एकमेकांत गुंतून बसतात. एक माणूस गेल्याचे, दुसरे अपमानाचे. माणूस गेल्याचे दुःख काळाने उतरते. अपमानाचे दुःख मात्र आतल्या आत प्रश्न विचारत राहते, "माझ्यात काय कमी होते?" ती मुलगी आरशात आपला रंग बघू लागली. आपले बोलणे, आपली चाळ, आपल्या बापाची नोकरी, सगळे तिला कमी वाटू लागले. समोरच्याच्या घरातला रोग तिने आपल्या अंगावर ओढून घेतला.

आईने मग एक चांगले काम केले. सातवी शिकलेली बाई. पण मला वाटते मानसशास्त्राच्या पदवीधराला सुचले नसते. तिने मुलीला विचारले, "त्याच्यासाठी काय काय सोडलंस, ते सांग." मुलीने एकेक सांगितले. फोनवर जयभीम म्हणायचे सोडले, कारण तो शेजारी असायचा. १४ एप्रिलला "मावशीकडे जाते" असे लॅबमध्ये सांगायची. लॅबमधल्या कोणालाही घरी बोलावले नाही, कारण भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. रविवारी विहारात लहान मुलांचे गणित घ्यायची, तो वर्ग सोडला, कारण रविवार त्याचा. तो कधी "सोड" असे म्हणाला नव्हता. तिने आपणहून एकेक घडी घालून ठेवून दिले होते.

आई म्हणाली, "तो तर काही परत येत नाही. हे तरी परत घे." आधी फोनवरचा जयभीम परत आला. गणिताचा वर्ग दोन महिन्यांनी. पहिल्या रविवारी ती वीस मिनिटांत रडत घरी आली, पुढच्या रविवारी पूर्ण तास घेतला. प्रेमात माणूस थोडेफार बदलतोच, त्यात गैर नाही. पण आपण काय गुंडाळून ठेवले होते याची यादी करून पाहावी. यादीतली एक-एक वस्तू परत जागेवर ठेवताना हाताला काम मिळते आणि मनाला ठिकाण.

एक मात्र होऊ देऊ नये. आत्या आली आणि म्हणाली, "तरी मी सांगत होते, आपल्यातच करायला हवं होतं." वाचकहो, हे दुःखावर मीठ आहेच, शिवाय विचार म्हणूनही खोटे आहे. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच सांगितला. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, त्या जन्माने सारस्वत ब्राह्मण होत्या. मुलीने जातीबाहेर प्रेम केले ही तिची चूक नव्हे. ज्याचे पाय ऐन वेळी लटपटले त्याचे ओझे तिच्या डोक्यावर का द्यायचे? आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, मातंग मुलगी नको, चर्मकार मुलगा नको, म्हणून आपल्या बौद्ध म्हणवणाऱ्या घरांनी मोडलेली प्रेमेही मी पाहिली आहेत. त्या मुलामुलींनी कोणत्या मोरीत नळ सोडला असेल, ते आपण विचारायला गेलो नाही.

मुलगे रडत नाहीत असे नाही

मुलींचे कोणाला तरी कळते. मुलाचे कळते ते गुत्त्यावरून. 'देवदास' या कादंबरीने आणि तिच्यावरच्या चित्रपटांनी (१९५५ चा दिलीपकुमारचा, २००२ चा शाहरूख खानचा) आपल्याकडे असा समज करून दिला की प्रेमभंग झालेल्या पुरुषाने पिणे हे खऱ्या प्रेमाचे लक्षण. नायक श्रीमंत जमीनदाराचा मुलगा आहे, त्याला सकाळी आठच्या पाळीला जायचे नाही, ही गोष्ट आपली मुले विसरतात. पाचव्या शीलाचा अर्थ अशा वेळी कळतो. दारूने त्या रात्रीपुरते बधिर होते, पण झोप आणखी बिघडते आणि सकाळी मन अधिक खाली जाते. त्यातून हातात फोन असला की रात्री दोन वाजता नको ते लिहून जाते.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात माता रमाई गेल्या. त्यानंतर बाबासाहेब कित्येक दिवस खोलीत बसून लहान मुलासारखे रडले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. ते मरणाचे दुःख होते, हे खरे. पण ज्या माणसाच्या एका शब्दावर लाखो माणसे चालत, त्याला रडण्यात कमीपणा वाटला नाही. मग "पुरुषासारखा वाग" हे मी माझ्या भावाला कोणाच्या आधाराने सांगितले?

मुलग्यांसाठी दुसरी गोष्ट थोडी कडक आहे. तिने नाही म्हटले, म्हणजे तिथे संपले. लॅबखाली, स्टेशनवर, क्लासबाहेर उभे राहणे, नव्या नंबरवरून फोन करणे, "एकदाच भेट" म्हणून पाठ धरणे, हे प्रेम नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात पाठलाग हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुने खासगी फोटो कोणाला दाखवणे किंवा दाखवीन अशी धमकी देणे, हाही गुन्हाच. आपला मुलगा असे करतो आहे हे कळले तर आईने त्याला पोटाशी धरावे, पण पाठीशी घालू नये. आणि मुलीला कोणी अशी धमकी देत असेल तर तिने संदेश न पुसता जपून ठेवावेत व घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगून, त्याला बरोबर घेऊन, पोलीस ठाण्यात जावे. घर रागावेल या भीतीने मुली गप्प राहतात आणि धमकी देणाऱ्याचे फावते.

फोनचे काय करावे

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, सोडून गेलेल्या माणसाचा फोटो पाहताना मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यात व्यसनाची तलफ येते तेव्हाचेही काही भाग असतात. हे वाचल्यावर मला उलगडा झाला की ती मुलगी दिवसातून चाळीस वेळा त्याचा डीपी का बघत होती. शेवटचे ऑनलाइन कधी, स्टेटस काय, लग्नाचे फोटो कोणी टाकले. तंबाखू सोडणाऱ्याने खिशात पुडी ठेवून फिरण्यासारखे ते आहे. तिने शेवटी एका मैत्रिणीच्या हातात फोन दिला आणि तिच्याकडूनच नंबर ब्लॉक करून घेतला. स्वतःच्या बोटाने होत नव्हते. एकाच ठिकाणी नोकरी असल्याने रोज तोंड दिसायचे, त्यावर इलाज म्हणून तिने पाळी बदलून मागितली. नोकरी सोडली नाही. नोकरी सोडू नये. प्रेमही गेले आणि पगारही गेला तर बाई घरात दुप्पट लाचार होते.

रात्री झोप येईना तेव्हा ती आनापान करायची, दहा मिनिटे नुसता श्वास पाहायचा. मन पळायचे त्याच्याकडेच. पळू द्यायचे, परत आणायचे. कोणी इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला पाठवा म्हणाले. विपश्यना चांगलीच, पण मन ताजे विस्कटलेले असताना दहा दिवस मौनात बसवणे सगळ्यांना झेपत नाही. आधी जेवण-झोप रुळावर यावी, मग जावे.

"उरकून टाका" म्हणणारे

घरात ही गोष्ट फुटली की नातेवाइकांचा एकच सूर, "स्थळ बघा, उरकून टाका, आपोआप विसरेल." याइतके घातक दुसरे काही नाही. विसरत नाही, ती नव्या माणसाच्या घरात जाऊन विसरल्याचे सोंग करते, आणि त्या बिचाऱ्या नवऱ्याला कळत नाही की आपली बायको पावसाळ्यात एकदम गप्प का होते. त्याचा यात काय अपराध? या घरात बापाने आत्याला सांगितले, "वर्षभर माझ्या दारात स्थळ आणू नका." त्या फटकळ तोंडाचा एवढा चांगला उपयोग पूर्वी झाला नव्हता, असे त्यांची बायकोच म्हणते.

किती दिवस लागतात, हा प्रश्न सगळे विचारतात. ठरलेला आकडा नाही. पण अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण मुलामुलींना प्रेम चालू असतानाच विचारून ठेवले होते की, हे तुटले तर तुम्हाला किती दुःख होईल. नंतर ज्यांचे खरोखर तुटले त्यांचे दुःख मोजले, तर ते त्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघाले. आणि ज्यांचे प्रेम सर्वांत गाढ होते त्यांचाच अंदाज सर्वांत जास्त चुकला होता. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. "मी यातून उठणारच नाही" असे जे मन सांगते, ते मन त्या वेळी चुकीचा हिशेब करीत असते.

उतार मात्र सरळ नसतो. पंधरा दिवस बरे जातात आणि एखाद्या बसस्टॉपवर, वाढदिवसाच्या तारखेला पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांनी "आता परत काय झालं?" म्हणू नये.

इथे मात्र थांबू नये

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, आणि सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. त्यांत शंभरामागे चार-पाच ठिकाणी प्रेमप्रकरण हे कारण लिहिले आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खाणे-झोपणे सुटले, कामावर जाणे बंद झाले, "मी नसते तर बरं झालं असतं" असे बोलणे आले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागली, किंवा फार रडणारी व्यक्ती एकाएकी अगदी शांत झाली, तर वाट पाहू नये. "तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते. उंदराचे औषध, फिनेल, झोपेच्या गोळ्या घरातून हलवाव्यात, माणसाला एकटे ठेवू नये. टेलिमानस हा सरकारी दूरध्वनी १४४१६ दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. मुंबईत के.ई.एम., नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. आणि कोणी काही करून बसले तर केस होईल या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असेच गृहीत धरून उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. जुन्या दंड संहितेतले ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत ठेवलेले नाही.

या मुलीवर ती वेळ आली नाही. एकदा मात्र आली होती जवळ, असे तिने नंतर आईला सांगितले. त्या रात्री आई शेजारी झोपलेली होती आणि तिचा हात हिच्या पोटावर पडला होता, म्हणून उठता आले नाही.

आता वर्ष उलटून गेले. विहारातल्या गणिताच्या वर्गाला चौदा मुले येतात. पिंप भरले की नळ बंद होतो. लॅबमध्ये एक नवीन मुलगी लागली आहे, विदर्भातून आलेली, खोली घेऊन एकटी राहते, सकाळी उपाशीच येते. गेल्या महिन्यात ही आईला म्हणाली, "आई, चार चपात्या दे."

आईने हातातली चपाती तव्यावर उलटली आणि कोणासाठी ते विचारले नाही.